युसूफभाई, गिऱ्हाइकं कुठं नेलीत?

युसूफभाई,

मोंढ्यातला, ह्या धान्यबाजारातला, जो तो सध्या तुमचं कौतुक करतोय आणि मी दुकानात बसून ते ऐकून घेतेय. कुणी म्हणतं, असा माणूस पुन्हा होणार नाही. कुणी म्हणतं, भाईंनी ऐन हंगामात कधी कुणाचा प्रिंटर अडकू दिला नाही. मी मान हलवते, चहा सांगते, आणि माणूस पायरी उतरला की माझा संताप परत वर येतो. तुम्ही गेलात त्याचं दुःखसुद्धा हा संताप मला नीट करू देत नाही. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेलच. मी चाकूरची पोर, लग्न होऊन लातुरात आलेली, टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींना कंप्युटर शिकवणारी. तुम्ही नांदेडहून आलेले, गावभरची बंद यंत्रं दुरुस्त करत फिरणारे. क्लासमधला एक कंप्युटर सुरूच होईना म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही झाकण उघडलंत, आत हात घातलात आणि एक अख्खी वाळलेली पाल काढून टेबलावर ठेवलीत. "ताई, व्हायरस सापडला," म्हणालात. मुली किंचाळत बाहेर पळाल्या आणि मी इतकी हसले की क्लासचे मालक आतून बघायला आले.

मग एक दिवस तुम्ही एका आडत्याची अडचण घेऊन आलात. शेतकऱ्याचा माल विकला की त्याच्या हातात जो कागद पडतो, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं वजा करून शेवटी हातात काय येणार ते सांगणारा, ती पट्टी. सोयाबीनच्या दिवसांत दिवाणजी पट्ट्या लिहून लिहून मेटाकुटीला यायचे. "हे कंप्युटरकडून लिहून घेता येईल का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, येईल. तेव्हा मला येत नव्हतं. शिकले. त्यातून आपला 'आडत' प्रोग्राम उभा राहिला, आणि त्या प्रोग्रामवर मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आपलं दुकान. तुम्ही यंत्रं उघडायचात, मी प्रोग्राम लिहायचे. गिऱ्हाईक तुम्ही आणायचात, ते टिकवायचं काम माझ्या प्रोग्रामचं.

आणि तुमची मतं! दुकानात माणूस कीबोर्ड घ्यायला यायचा आणि जाताना तुमची चार मतं घेऊन जायचा. ज्या यंत्राचा स्क्रू बाहेरून दिसत नाही ते यंत्र घ्यायचं नाही, हे पहिलं. "स्क्रू दिसला तर यंत्र तुमचं. न्हाई दिसला तर तुम्ही यंत्राचे." बॅटरी चिकटवलेल्या फोनला तुम्ही शिवून टाकलेला डबा म्हणायचात. शाईच्या प्रिंटरवर तुमचा दात होता. निम्मी शाई शिल्लक असताना संपली म्हणतो, असला खोटारडा घरात ठेवायचा कशाला? तुमचं प्रेम फक्त त्या किरकिरणाऱ्या जुन्या प्रिंटरवर, कार्बन लावून तीन पट्ट्या एका दमात काढणाऱ्या. अपडेट आलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात. "रात्रीतून पाहुणा आला अन् आपल्या घरातली भांडी हलवून गेला," म्हणायचात.

संकेत पुण्याहून सुट्टीला आला होता तेव्हा त्यानं तुम्हाला फोनवरचा तो बोलणारा बुद्धिमान मदतनीस दाखवला. माझा मुलगा, मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारा. त्याला वाटलं काका थक्क होतील. तुम्ही चष्मा वर केलात आणि विचारलंत, "आज लातूरच्या मोंढ्यात तूर काय भावानं सुटली?" मदतनिसानं लगेच उत्तर दिलं, मोठ्या ऐटीत, आणि साफ चूक. तुम्ही फोन परत देत म्हणालात, "हुशार हाय बिचारा. पर माहीत न्हाई म्हणायची लाज वाटते ह्याला." संकेत हसला आणि मीही हसले. पण मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की भाई, हसण्यावारी नेऊ नका, पुढे सगळं ह्यावरच चालणार आहे. तुम्ही म्हणालात, चालू द्या, आपल्या दुकानात न्हाई.

मला फोन आवडतो हे तुम्हाला कधी पटलं नाही. मी त्यावर बातम्या वाचते, बहिणीशी तोंड बघून बोलते, भाजी निवडताना कीर्तन लावते. तुम्ही त्याला डबडं म्हणायचात. आणि तरी डबडं बिघडलं की तेवढ्याच मायेनं उघडून बसायचात, हेही लिहिलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी कुठंही शपथेवर सांगेन. मोंढ्यात मी एखाद्या आडत्याच्या दुकानाची पायरी चढले की गादीवरून पहिला प्रश्न यायचा, "साहेब कुठायत?" प्रोग्राम अडलाय, मी तो लिहिलाय, मी समोर उभी आहे, आणि ह्यांना साहेब हवेत. तुम्ही मागून टोपी सावरत यायचात आणि म्हणायचात, "प्रोग्राम ताईंचा हाय. मी निस्ते स्क्रू पिळतो. त्यांनाच इचारा." एकदा नाही, दर वेळी. माझ्या माहेरच्यांनी, सासरच्यांनी, कुणीही माझ्या कामाबद्दल इतकं सरळ वाक्य कधी उच्चारलं नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं, भाई.

संकेतचे वडील गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. जो येईल तो माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, आता आराम कर, देवाचं नाव घे. तुम्ही आलात, बाहेर पुरुषांत थोडा वेळ बसलात, मग कुणाला न विचारता दुकानातला माझा कंप्युटर रिक्षातून उतरवून माझ्या खोलीत मांडलात. "उदगीरच्या गिऱ्हाइकाची पट्टी चुकून राहिली ताई. तुमच्याशिवाय कुणाला कळंना." माझी नणंद तुमच्यावर भडकली होती. पट्टी खरंच चुकत होती की नाही हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. ते गेले त्या दिवशी जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं मला त्या कंप्युटरसमोर आलं, आणि मग मी चूक शोधायला लागले. बाकीच्यांनी मला धीर दिला असेल. तुम्ही काम दिलंत. त्याचं ऋण मी विसरलेली नाही.

आपलं मोठं भांडण झालं ते फोनवरच्या प्रोग्रामवरून. आडत्यांची पोरं मागे लागली होती, लग्नात असलो, गावाला असलो तरी खिशात आकडे दिसले पाहिजेत. संकेतही म्हणायचा, आई, तुमचा प्रोग्राम म्हातारा झाला. मी मनावर घेतलं. ह्या वयात नवी भाषा शिकले, संकेतला विचारून, व्हिडिओ बघून, आणि पट्टीची दोन पानं फोनवर आणून दाखवली. तुम्ही फोन हातात घेतलात. पुढेमागे केलंत. "चांगलं हाय," म्हणालात. "पर नको."

का नको? तर म्हणे, गिऱ्हाइकाचा हिशोब गिऱ्हाइकाच्या घरात राहू द्या. परक्याच्या कंप्युटरवर नेऊन ठेवायचा आणि मग दर महिन्याला त्याच्या दारात उभं राहायचं, आमचाच हिशोब आम्हाला दाखव म्हणून? मी म्हणाले, भाई, आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेल. तुम्ही म्हणालात, "करू दे त्याला. मी जितेपणी हे बघणार न्हाई." आठवडाभर आपण एकमेकांशी फक्त गिऱ्हाइकांसमोर बोललो. चहावाला दोन कप आणायचा आणि दोघं दोन दिशांना तोंड करून प्यायचो. शेवटी मीच ती पानं बाजूला ठेवली. तुमचं म्हणणं पटलं म्हणून नाही. तुम्ही ते इतकं जीव तोडून म्हणत होतात म्हणून.

त्यानंतर तुमच्या नांदेडच्या खेपा वाढल्या. "पार्ट आणायला जाऊन राहिलो ताई." संध्याकाळी परत यायचात, चेहरा उतरलेला, हातात पिशवी. गाडीत लई गर्दी, म्हणायचात. पिशवीतून कीबोर्ड निघायचे, पॉवर सप्लाय निघायचे, जे आपल्याला लागत नव्हते. कपाट भरलं तेव्हा मी चिडले. "भाई, कीबोर्डाचं लोणचं घालायचंय का?" तुम्ही मोठ्यानं हसलात, भिंतीला टेकून, आणि मग बराच वेळ तसेच टेकून राहिलात. मला वाटलं हसून दमलात.

दसरा होऊन गेला होता. सकाळी तुमच्या धाकट्या भावाचा नांदेडहून फोन आला. मी पहिली गाडी धरली. भाभींच्या शेजारी बायकांत बसले, तुम्हाला नेताना उंबऱ्याच्या आतूनच पाहिलं. कुणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मनानंच ठरवलं की हार्ट असणार, झोपेत गेले असणार, सुटले. परत येताना मी रडले ते साधं, सरळ रडू होतं. तेवढंच काय ते सरळ रडू माझ्या वाट्याला आलं.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आपली फेरी असायची. पूर्वी आडत दुकानांत चोपड्या पूजत. आपला प्रोग्राम आल्यावर पूजायचं काय असा प्रश्न पडला आणि त्यावर तोडगा तुम्हीच काढलात. वर्षाचा सगळा हिशोब पेनड्राइव्हवर उतरवायचा आणि तो पेनड्राइव्ह चौरंगावर लक्ष्मीपुढे ठेवायचा. पहिल्याच वर्षी लोकांनी भक्तिभावानं त्याच्या उघड्या तोंडावरच हळदकुंकू वाहिलं आणि पाडव्याला एकही पेनड्राइव्ह चालेना. दिवसभर तुम्ही काडीला कापूस लावून लक्ष्मीची तोंडं पुसत बसलात. पुढच्या वर्षीपासून टोपण लावूनच पूजा करायची असा तुमचा हुकूम. तुम्ही टोपी घालून पूजेला उभे असायचात, आडते तुमच्या ओंजळीत लाह्या-बत्तासे घालायचे, आणि तुम्ही ते घरी नेऊन पोरांना वाटायचात.

ह्या वर्षी मी एकटी निघाले. तुमच्या माघारी फेरी चुकवायची नाही असं मनाशी घट्ट ठरवून. पहिल्या दुकानात गादीवरचे शेठ गोंधळले. "पेनड्राइव्ह? ताई, भाईंनी सांगितलं न्हाई का तुमाला? आता आमचं सगळं ह्याच्यावर हाय." चौरंगावर फोन होता. काचेवर कुंकवाचं बोट. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा प्रोग्राम, हिशोब त्यांच्याकडे, दर महिन्याची वर्गणी. "भाईंनीच करून दिलं की सगळं. पोळ्याच्या आधीच. मागचा हिशोबबी तिकडं चढवून दिला."

दुसऱ्या दुकानात तेच, पुढच्या दुकानात तेच. पोळ्यापासून कुणाचं बोलावणं का आलं नाही ते आता कळलं; मला वाटायचं, तुम्हीच परस्पर जाऊन येताय. कुठं पेढे, कुठं बत्तासे, सगळे माझ्याशी मायेनं बोलत होते. आणि एका दुकानात शेठच्या सुनेनं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "मग ताई, आता पुण्याला लेकाकडं जाणार का? भाई म्हणले होते, ताईंनी आता कामातून थांबायचं ठरवलंय."

मी थांबायचं ठरवलंय. हे मला माझ्या हातात बत्तासा असताना, एका पंचविशीतल्या पोरीकडून कळलं.

शेवटचं दुकान मन्मथप्पांचं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज असा की हमाल दचकावेत. मला वाटलं इथंही फोनच दिसणार, पायरीवरूनच परत फिरावं. तर चौरंगावर पेनड्राइव्ह, टोपण लावलेला. मी हिशोब उतरवायला बसले, पण आकडे दिसेनात. अप्पांनी पाणी दिलं आणि मग त्यांनीच सांगितलं. तुम्ही त्यांच्याकडेही गेला होतात. इतरांसारखंच त्यांनाही सगळं खरं सांगितलंत. दुखणं काय, नांदेडचे डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस उरलेत. आणि म्हणालात, माझ्या माघारी तुमची अडचण नको, ह्या कंपनीचं घ्या.

"मी म्हणलो," अप्पा सांगत होते, "भाई, तुमचं बोलावणं आलंय, त्याला कुणाचा इलाज न्हाई. पर ताई कुठं चालल्यात? त्यांना इचारलं का तुमी? तर टोपी सावरून उठायला लागले. मग मी म्हणलो, जवर त्या पायरी चढतात तवर माझा हिशोब हितंच."

म्हणजे साऱ्या मोंढ्याला माहीत होतं, भाई. तुमचं दुखणं त्यांना माहीत, माझं थांबणं त्यांना माहीत. तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसून रोज तुमच्याशी वाद घालणाऱ्या बाईला तेवढं माहीत नव्हतं. अप्पांच्या तोंडून जे वाक्य निघालं ते तुमच्या तोंडून निघायला हवं होतं. इतकी वर्षं निघत होतं.

घरी येऊन मी संकेतला फोन लावला. तो म्हणाला, "आई, काकांनी मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. कंपनी मीच सुचवली. काका म्हणाले, ताईंचं वय झालं, एकट्या बाईनं मोंढ्यात कुठं फिरायचं. तुझ्या भल्याचंच बघितलं ना आम्ही."

एकट्या बाईनं. भाई, मोंढ्यातल्या एकेका माणसाला तुम्ही हेच बोलायचं विसरायला लावलं होतंत. आणि शेवटी तुम्हीच ते बोललात, तेही माझ्या पाठीमागे, माझ्या पोटच्या पोराशी. परक्याच्या कंप्युटरवर हिशोब न्यायला तुमचा विरोध होता ना? जितेपणी बघणार नाही म्हणाला होतात ना? मग स्वतःच्या हातानं एकेका दुकानाचा हिशोब तिकडं चढवताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? फोनवर न्यायचंच होतं तर माझा प्रोग्राम काय वाईट होता? तो तुम्ही हातात घेऊन पाहिला होता, चांगला आहे म्हणाला होतात. तुम्ही एक शब्द टाकला असता तर मी दिवसरात्र एक करून पुरा केला असता. मला हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतंय आणि लिहून भागत नाही.

पाडवा झाल्यावर मी नांदेडला, तुमच्या भावाच्या घरी, भाभींकडे गेले. चाकूर आलं, माहेरची वेस दिसली, तरी उतरले नाही. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागे घरातच बसायच्या मुदतीत, पांढऱ्या ओढणीत, आतल्या खोलीत बसून होत्या. मी गेले होते भांडायला आणि त्यांचा चेहरा बघून त्यांच्या शेजारी बसले. त्यांनीच विषय काढला. "मी लई वेळा बोलले त्यांना, ताईंना सांगा म्हणून. ऐकलंच न्हाई. म्हणायचे, घरात सगळे माझ्याशी हळू बोलून राहिलेत. पोरं हळू, भाऊ हळू, तू बी हळू. एक ताईच हायत ज्या अजून माझ्यावर खेकसतात. त्यांना सांगितलं तर त्या बी हळू बोलतील. मग मी दुकानात कशापायी जायचं?"

हे ऐकल्यावर मी भाभींच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, ज्यांच्या पाठीवरून मी फिरवायला हवा होता.

तेवढं मला समजतं, भाई. खरंच समजतं. दुखणं लपवलंत ते मी पोटात घालीन. तुम्हाला शेवटपर्यंत कुणाचीतरी बोलणी खायची होती आणि ती मी मनापासून दिली ह्याचं मला कुठंतरी समाधानही आहे. पण दुखणं लपवणं वेगळं आणि माझं काम माझ्या हातून काढून घेणं वेगळं. मी एकटी पडले होते तेव्हा ह्या कामानंच मला उभं केलं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आता दुसऱ्यांदा एकटी पडणार हे दिसत असताना तुम्ही तेच नेमकं उचलून नेलंत. त्याचा खुलासा भाभींकडे नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याबद्दल मला बी काही बोलले न्हाईत."

आपली शेवटची भेट मी आता रोज आठवते. दुपार होती, मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. तुम्ही नांदेडला भावाकडे निघाला होतात. दारात थांबून म्हणालात, "ताई, कहा-सुना माफ करा." माणूस हजला निघाला, नाहीतर कायमचा निघाला, की हे म्हणतो, बोललं-चाललं माफ करा म्हणून. तुमच्यात म्हणतात आणि आमच्या मोंढ्यातही आता सगळे म्हणतात. मला वाटलं चेष्टा. मी मान वर न करता म्हणाले, "केलं, केलं. जा आता, गाडी चुकेल." तुम्ही तिथंच उभे. "सगळं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "हो, सगळं."

प्रोग्राम टाकताना समोर लांबलचक मजकूर येतो आणि लोक न वाचता 'मान्य आहे' दाबून मोकळे होतात. तुम्ही त्यांच्या हातावर चापट मारायचात. वाचा आधी, कशावर सही करून राहिलात! आणि माझी माफी तुम्ही तशीच घेऊन गेलात. कशाची माफी ते न सांगता, माझी मान वर नाही हे बघून. तुम्हाला सांगायचं असतं तर दारातून दोन पावलं आत यायचं होतं. मी खुर्ची वळवली असती. भांडले असते, ओरडले असते, कदाचित तुम्हाला गाडीवर सोडायलाही आले असते.

म्हणून ती माफी मी परत घेतेय. तुमच्या चाळिसाव्या दिवसाला नांदेडला येईन. भाभींच्या हातचं जेवीन, तुमच्यासाठी सगळे दुव्याला हात पसरतील तेव्हा मीही पसरीन. पण माफीचं तेवढं अडलंय. जे केलंत ते माझ्या तोंडावर सांगायला तुम्ही येऊ शकत नाही आणि त्याशिवाय मी देणार नाही. आपलं हे असंच राहणार.

दुकान उघडं आहे. बाजूला टाकलेली ती पट्टीची दोन पानं मी बाहेर काढली. मन्मथप्पांची पट्टी आता फोनवरही निघते, अजून अडखळते, पण निघते. हिशोब मात्र त्यांच्याच दुकानातल्या कंप्युटरवर राहतो. तेवढं तुमचं खरं होतं. काल पहिल्या पानावर नावं घालायची वेळ आली. जुन्या प्रोग्रामवर आधी तुमचं नाव असायचं, खाली माझं, गिऱ्हाइकांना बरं वाटतं म्हणून. काल मी फक्त माझं घातलं. चहा झाला, पुन्हा पाहिलं, करमेना. मग तुमचंही घातलं.

खाली घातलंय, भाई. माझ्या नावाच्या खाली. चालणार नसेल तर या, भांडा माझ्याशी.